मसूरचा गाडीवान आणि आठ मार्चचा फ्लेक्स

भाचीच्या डोहाळजेवणाची साडी घ्यायची होती, म्हणून महिला दिनाच्या आदल्या दिवशी, सात मार्चला संध्याकाळी साताऱ्यातल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. नाव लिहीत नाही, कारण सांगायचं आहे ते त्या एका दुकानापुरतं नाही. दारातच छताला टेकेल एवढा फ्लेक्स लावला होता. गुलाबी रंग, हसरी बाई आणि खाली ठसठशीत अक्षरं: ‘ती थकत नाही, ती थांबत नाही. तिला सलाम!’ कोपऱ्यात कंपनीची खूण.

माझे गुडघे दुखतात. आत गेल्या गेल्या बसायला काही आहे का म्हणून विचारलं, तर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं एक स्टूल पुढे आलं. साड्या दाखवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. घड्या उलगडताना ती सारखी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. खालच्या खणातली साडी काढायला वाकली तेव्हा तिची पावलं दिसली. सुजलेली होती, आणि चपलेचा पट्टा जिथे बसतो तिथे खोल वळ उठला होता.

“बस की गं जरा,” मी म्हणाले, “मला काही घाई नाही.”

“नाही काकू, फ्लोअरवर बसायचं नसतं. वर कॅमेरा आहे.”

“कितीला येतेस?”

“दहाला. सुटायला साडेआठ होतात. जेवायला अर्धा तास असतो ना, तेव्हा बसते.”

बिल करताना सुपरवायझरला विचारलं, की या मुलींसाठी दोन-चार स्टुलं का ठेवत नाही. माणूस सरळ होता, उडवाउडवी केली नाही. म्हणाला, “काकू, स्टूल ठेवायचं तर वरून परवानगी लागते.” मी दाराकडे बोट दाखवून विचारलं, हा फ्लेक्स कुणी लावला? “तो वरूनच आलाय,” तो म्हणाला.

घरी आले तर मोबाईलवर त्याच कंपनीचा मेसेज येऊन पडलेला. स्त्रीशक्तीला वंदन, आणि निवडक साड्यांवर सूट.

कंपन्यांनी सामाजिक न्यायाच्या प्रश्नांवर जाहीर भूमिका घ्याव्यात की नाही, यावर अलीकडे बराच वाद होतो. घेऊ नयेत असं म्हणणारे पुष्कळ जण मुळात त्या भूमिकेवरच नाराज असतात. जाहिरातीतलं आंतरधर्मीय लग्न त्यांना खटकतं, दोन बायकांचा संसार खटकतो, म्हणून ते ‘कंपनीने धंदा करावा’ असं म्हणतात. मी त्यांच्यातली नाही. माझ्या आजोबांचं लग्न पुरोहिताशिवाय, सत्यशोधक पद्धतीने लागलं होतं. जाहिरातींत ज्या गोष्टी दाखवतात त्यातल्या बहुतेक मला मान्य आहेत. तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो त्या गोष्टी मान्य असल्यामुळेच आहे. न्यायाची भाषा ही पुष्कळांनी पदरमोड करून, शेण-दगड खाऊन मिळवलेली भाषा आहे. ती साडीच्या पिशवीवर छापून फुकट वाटली, की तिचं वजन जातं.

मग विकणाऱ्याने न्यायासाठी काहीच करायचं नाही का? करायचं, आणि जे करायचं ते जाहिरातीपेक्षा कितीतरी अवघड आहे. ते काय, हे सांगायला मला सव्वाशे वर्षं मागे, आमच्याच जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर जावं लागेल.

राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं, हे साताऱ्यात लहान पोरालाही माहीत असतं. पुढच्या वर्षी, नऊ-दहा वर्षांचे असताना, हा मुलगा भाऊ आणि भाच्याबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियर होते. मुलं नवे कपडे घालून मसूरला उतरली. घ्यायला कुणी आलेलं नव्हतं, कारण पत्र वडिलांच्या हातात पडलंच नव्हतं. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान न्यायला तयार होईना. पैसे द्यायची तयारी होती, तरी नाही. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालत येणार. बाबासाहेबांनी हा प्रवास पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही, डबा होता पण पाण्यावाचून तो नीट खाता आला नाही, रात्र नाक्यावर काढावी लागली.

हा प्रसंग मी किती वेळा वाचला असेल त्याला गणती नाही. वाचताना दर वेळी माझं लक्ष त्या गाडीवानाकडे जातं. मुलं त्याची गिऱ्हाइकं होती. त्याने काय करायला हवं होतं? अस्पृश्यतेवर भाषण द्यायला हवं होतं का? गाडीच्या साटीवर समतेची पाटी लावायला हवी होती? त्याने फक्त गाडीवर बसून, नेहमीच्या भाड्यात, गाडी हाकायला हवी होती. एवढंच. आणि हे ‘एवढंच’ त्या काळात त्याला फार महागात पडलं असतं. गावाने त्याला वाळीत टाकलं असतं, उद्याची भाडी गेली असती. विकणाऱ्याच्या वाट्याला येणारा न्याय हा असा असतो. तो आपल्या व्यवहाराच्या आत करायचा असतो आणि त्याची किंमत आपण मोजायची असते.

मी बत्तीस वर्षं एका सहकारी बँकेत होते, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरवर. सुरुवातीला पितळेची टोकनं होती. ज्याचा नंबर आला तो खिडकीशी यायचा, मग तो पाटील असो, की यादोगोपाळ पेठेतला वकील, की रस्ता झाडणारी बाई. एकदा एका बड्या खातेदाराने पुढे हात घालून स्लिप सरकवली. मी त्याला टोकन विचारलं आणि त्याच्या आधीच्या बाईचे पैसे मोजून दिले. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन तो माझ्याविषयी बरंच काही बोलला. त्या बाईला मी समतेविषयी एक शब्द बोलले नव्हते. तिला त्याची गरजही नव्हती. तिला तिच्या नंबराला तिचे पैसे हवे होते.

म्हणून ‘कंपनीने गप्प बसावं म्हणजे तटस्थ राहावं, आणि तटस्थ राहणं म्हणजे जुलमाला साथ’ असं जेव्हा तरुण मंडळी म्हणतात, तेव्हा मला ते अर्धंच पटतं. टोकनाप्रमाणे पैसे देणं याला तटस्थपणा म्हणत नाहीत. सारख्या भाड्यात गाडी हाकणं हीही तटस्थता नाही. आपल्याकडे तर ती फार मोठी बाजू घेणं आहे. फक्त ती घेताना तोंडाने काही म्हणावं लागत नाही.

एका कंपनीचीच तीन उदाहरणं घेते, म्हणजे माझं म्हणणं नीट कळेल. घरपोच जेवण देणारी झोमॅटो. आता आमच्या साताऱ्यातही लाल शर्टातली पोरं पाठीवर पेटी घेऊन फिरतात, त्यामुळे ती परकी राहिलेली नाही. २०१९ च्या जुलैत जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने मुसलमान मुलगा जेवण आणतोय म्हणून दुसरा पाठवा असा हट्ट धरला. कंपनीने मुलगा बदलला नाही, पैसेही परत दिले नाहीत, आणि अन्नाला धर्म नसतो, अन्न हाच धर्म आहे अशा अर्थाचं जाहीर उत्तर दिलं. तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कारण इथे प्रश्न त्यांच्या दारात आला होता, त्यांच्याच माणसाच्या पोटाचा होता, आणि गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणून ते उभे राहिले. गाडीवान गाडीवर बसला.

त्याच कंपनीने २०२३ च्या पर्यावरणदिनाला प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी जागृती करणारी जाहिरात काढली. ‘लगान’ चित्रपटात कचरा नावाचं दलित पात्र आहे. ते काम करणाऱ्या नटालाच घेतलं, आणि त्याचा कुठे दिवा, कुठे कुंडी, कुठे कागद करून टाकला. टाकाऊ वस्तूंतून काय काय बनतं हे दाखवायला माणूसच वस्तू झाला. ओरड झाली, जाहिरात मागे घेतली गेली. त्यांच्या मनात वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण पर्यावरणाचा कैवार घ्यायला निघालेल्या एवढ्या हुशार माणसांच्या बैठकीत, हे आपण कुणाच्या नावावर हसतो आहोत, असं विचारणारं कुणी नव्हतं. जो प्रश्न आपल्या कामातून आलेला नसतो, त्याविषयी बोलताना असंच होतं.

आणि २०२४ च्या मार्चमध्ये शुद्ध शाकाहारी जेवणासाठी हिरव्या शर्टातली वेगळी मुलं नेमायची घोषणा त्यांनी केली. लोकांनी लक्षात आणून दिलं, की मग लाल शर्टातल्या मुलाला सोसायटीच्या फाटकावरच अडवतील. दुसऱ्याच दिवशी हिरवा शर्ट मागे घेतला आणि सगळे लालच राहिले. घोषणा चुकली, दुरुस्ती बरोबर होती. कारण दुरुस्ती फाटकावर उभ्या राहणाऱ्या मुलाकडे बघून झाली.

आता माझ्या आक्षेपाच्या गाभ्याकडे येते. समाजसुधारक आणि विक्रेता यांच्यात एक मूलभूत फरक आहे. सुधारक ऐकणारे गमवायला तयार असतो. त्याचं कामच ते आहे. विक्रेत्याला ऐकणारा गमावून चालत नाही, कारण ऐकणारा हाच त्याचा गिऱ्हाईक. त्यामुळे तो बोलायला लागला तरी विक्रीला धक्का बसेपर्यंतच बोलतो. आणि अर्ध्यावर सोडलेली भूमिका ही न घेतलेल्या भूमिकेपेक्षा वाईट असते.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये तनिष्कची जाहिरात आली होती. मुसलमान सासू हिंदू सुनेचं डोहाळजेवण करते आहे. सुंदर होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विरोध सुरू झाला आणि काही दिवसांतच कंपनीने ती काढून घेतली. दुखावलेल्या भावना आणि दुकानांतल्या कर्मचाऱ्यांची सुरक्षितता अशी कारणं दिली. गुजरातेत गांधीधामच्या दुकानाच्या दारावर माफीचा कागद लागला. मला त्या कागदाचं फार वाईट वाटलं होतं. जाहिरात मुंबई-बंगळूरच्या बैठकीत ठरली, आणि हात जोडायची वेळ गांधीधामच्या काउंटरवरच्या माणसांवर आली. त्यांना कुणी विचारलं होतं का, की तुम्ही हे अंगावर घ्यायला तयार आहात?

आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्यांच्या घरी खरोखर अशी सून आहे त्यांच्या पदरात काय पडलं? आमच्या ओळखीत असं एक घर आहे. जाहिरात आली तेव्हा त्यांना बरं वाटलं, आपल्यासारखं घर टीव्हीवर दिसलं. जाहिरात गेली तेव्हा त्यांना कळलं, की देशातली एवढी मोठी कंपनीसुद्धा आपलं चित्र आठवडाभर भिंतीवर ठेवू शकत नाही. आधी निदान हे कुणी ताडून पाहिलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, त्याच ऑक्टोबर महिन्यात, फॅबइंडियाने दिवाळीच्या कपड्यांना दिलेल्या उर्दू नावाचा मजकूर काढून टाकला आणि डाबरने करवा चौथ करणाऱ्या दोन बायकांची जाहिरात मागे घेतली. प्रत्येक माघारीने दंडेली करणाऱ्यांना एक गोष्ट शिकवली: ओरडलं की मिळतं.

तुम्हाला टिकता येणार नसेल तर तिथे उभे राहू नका, असं मी कंपन्यांना म्हणते. हे भित्र्या माणसाचं म्हणणं वाटेल, पण दुसऱ्याच्या जिवावर धीट होण्यापेक्षा ते बरं.

अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. २०२० च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड नावाचा काळा माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला, आणि तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी वंशभेदाविरुद्ध पत्रकं काढली, शपथा घेतल्या. वारं फिरलं तसं २०२५ च्या जानेवारीत टार्गेट, मेटा, मॅकडोनाल्ड्स यांनी विविधतेचे आपलेच कार्यक्रम आवरते घेतले. शपथ घेताना जी भाषा होती ती कुठे गेली, हे तिथल्या काळ्या गिऱ्हाइकांनी विचारलं. त्यांचा राग मला समजतो. त्यांच्या दुःखाचा हंगाम करण्यात आला होता.

इथे कुणी म्हणेल, की आपल्याकडच्या जुन्या उद्योजकांनी तर उघड भूमिका घेतल्या होत्या. खरं आहे, आणि हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण ही माणसं आमच्याच भागातली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी घ्या. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना उभा केला. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे, तो काळ. त्या वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही असा दंडक होता, आणि तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालीचं काम दिलेलं होतं. दहा वर्षांनी, १९२० मध्ये, ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याची बातमीपत्रिकाच ती. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली तिचं मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं, आणि अंधश्रद्धा, जातिभेद, बायकांचं शिक्षण यांवर त्यांतून किती लिहिलं गेलं हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझ्या आजीच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे अंक होते, पिवळे पडलेले, दोऱ्याने बांधलेले. वाचायला ती त्यांवरूनच शिकली असं म्हणायची.

मग ते चालतं आणि फ्लेक्स चालत नाही, असं का? एक तर आधी वसाहत, मग मासिक. मधे दहा वर्षं. जे लिहिलं ते घरात करून झालं होतं. दुसरं, नांगर घेणाऱ्याच्या नांगराला लेख बांधून दिलेला नव्हता. ज्याला हवं त्याने पैसे देऊन अंक घ्यावा, नको त्याने नांगर न्यावा. अंकावर संपादकाचं नाव असायचं. शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या हे माहीत असायचं. आज ‘कंपनीची भूमिका’ म्हणतात ती कुणाची असते? मालकाची, की जाहिरात एजन्सीची, की अशी भूमिका घेतल्यावर तरुण गिऱ्हाईक वाढतं असं सांगणाऱ्या पाहणीची? मला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

जोतिराव फुले स्वतः व्यवसाय करत होते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. त्यांचं मूळ घराणं आमच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते होते, बांधकामांची कंत्राटं घेत होते. धंद्यातला पैसा त्यांनी चळवळीत घातला. पण बोलले ते जोतिराव म्हणून, आणि घराबाहेर काढलं गेलं तेही जोतिराव म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकले. त्याच फिरण्यात खेड्यांची अवस्था त्यांनी पाहिली, आणि १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली. वसतिगृहातल्या सगळ्या जातींच्या पोरांसाठी त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने मोडले. कंदील विकताना भाऊरावांनी कंदिलावर समतेचा संदेश चिकटवला असता, तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं असतं का?

मोठ्या कंपन्यांचे मालक-चालकही माणसं आहेत, नागरिक आहेत. त्यांना वाटतं ते त्यांनी स्वतःच्या नावाने बोलावं, स्वतःच्या खिशातून द्यावं. त्यांचा तो हक्क मी कधीच नाकारणार नाही. पण माझ्या साबणाच्या किमतीतून माझ्याशीच बोलू नये.

गोरेपणाच्या क्रीमची गोष्ट तर प्रत्येक बाईला ठाऊक आहे. १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ आपल्या घराघरांत आली. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, नवरा मिळत नाही, आणि ट्यूब लावली की मिळतो, हे दोन पिढ्यांना शिकवलं गेलं. माझी धाकटी बहीण सावळी. तिला बघायला पाहुणे यायचे त्याच्या आदल्या रात्री आई तिच्या चेहऱ्यावर तो थर लावायची, आणि ती आरशाकडे पाठ करून बसायची. २०२० मध्ये जगभर वर्णभेदावर गदारोळ झाला तेव्हा हिंदुस्थान युनिलिव्हरने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या. ट्यूब तशीच विकली जात राहिली. माझ्या बहिणीने ती बातमी वाचली आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला, काही बोलली नाही. पंचेचाळीस वर्षांचं देणं नावातला एक शब्द बदलून फिटत असेल, तर कुणाचंही फिटेल.

मग गिऱ्हाइकाने काय करावं? बहिष्काराच्या मी बाजूची नाही. मी त्या शोरूममध्ये जाणं बंद केलं, आणखी पन्नास जणींनी केलं, तर पहिली कुऱ्हाड त्या उभ्या असलेल्या मुलीवरच पडेल. आणि ज्यांना डोहाळजेवणाची जाहिरात नको होती त्यांनीही हेच हत्यार वापरलं. मला ते हातात घ्यावंसं वाटत नाही.

पण विचारता येतं, आणि विचारायला हवं ते आपण विचारत नाही. कंपनीची खरी भूमिका कुठे लिहिलेली असते ते शोधून वाचायला मी निवृत्तीनंतर शिकले. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानुसार बाजारात नोंदलेल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावाच लागतो. त्यात बायकांचा आणि पुरुषांचा मधला पगार (सगळे पगार ओळीने मांडले की मधोमध येतो तो) किती, किमान वेतनावरच किती जण आहेत आणि त्याच्या वर किती, कायम किती आणि बाकीचे किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, दिव्यांगांना कचेरीत जाता येतं का, हे सगळं असतं. इंग्रजीत असतं, कंटाळवाणं असतं, पण मुलाला बाजूला बसवून वाचता येतं. आठ मार्चला सलाम ठोकणाऱ्या एखाद्या कंपनीचा अहवाल उघडून त्या दोन पगारांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. त्या आकड्यांना गुलाबी रंग देता येत नाही.

कायद्यालाही हा फरक कळतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. २०२१ मध्ये नियम दुरुस्त झाले तेव्हा स्पष्ट लिहिलं गेलं, की आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजन यात धरलं जाणार नाही. आपल्या कामगारांना देणं लागतो तेही यात मोजता येत नाही. म्हणजे दान वेगळं, जाहिरात वेगळी आणि देणं वेगळं. गिऱ्हाईक म्हणून मला तिसऱ्याची काळजी आहे.

आणि बसायला स्टूल हेही देणंच आहे. केरळात कोझिकोडच्या कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी कित्येक वर्षं त्यासाठी झगडा केला. लघवीला जायची सोय आणि बसायचा हक्क, एवढंच मागणं होतं. २०१८ मध्ये केरळ सरकारने कायदा बदलून तो हक्क दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूने दिला. त्या बायकांच्या बाजूने कोणत्या साडी कंपनीने फ्लेक्स लावला होता असं मी कधी ऐकलं नाही. मिळवलं ते त्यांनीच, पाय सुजलेल्या बायकांनी, संघटना बांधून.

आमचा दहा-बारा जणींचा गट आहे, सकाळी चार भिंतीच्या टेकडीपर्यंत चालायला जाणाऱ्या बायकांचा. त्यांना हे सगळं सांगितलं. एकीने विचारलं, आपण बोलायला गेलो आणि त्या मुलीचीच नोकरी गेली तर? खरी भीती आहे. म्हणून ठरवलं, की कुठल्या मुलीचं नाव घ्यायचं नाही, एका दुकानाचंही नाही. प्रत्येकीने आपापल्या नेहमीच्या दुकानात, बिल देताना, मालकाला किंवा मॅनेजरला एकच विचारायचं: तुमच्या मुलींना बसायला काय ठेवलंय? खणआळीतल्या एका जुन्या दुकानदाराने दुसऱ्याच आठवड्यात काउंटरमागे दोन स्टुलं आणून ठेवली. म्हणाला, “वहिनी, डोक्यातच आलं नव्हतं हो.” मला तो खरं बोलतोय असं वाटलं. त्याच्या दुकानावर कधीच कसला फ्लेक्स नसतो.

शोरूमच्या मुख्य कचेरीला मी पत्र टाकलं आहे, मराठीत, दोन पानी. फ्लेक्सविषयी एक ओळ, बाकी सगळं स्टुलाविषयी. अजून उत्तर नाही. भाचीला सातवा संपून आठवा लागला आहे. बारशाच्या खरेदीला पुन्हा तिथेच जाईन, त्या मुलीची आहे का चौकशी करीन, आणि साड्या बघण्याआधी काउंटरमागे वाकून बघेन.